वीस मिनिटं पुढची फौंड्री

पोलीस खात्यात मी पंचनामे किती लिहिले याची मोजदाद माझ्याकडे नाही. पण आम्ही ठाण्यात परत येऊन चहाचा कप हातात घेतला, तरी तिकडं घटनास्थळी चालूच असलेला पंचनामा एकच. तो माझ्या हातचा. त्यावर माझी सही आहे, दोन पंचांच्या सह्या आहेत, आणि कोर्टाच्या दप्तरात कुठंतरी तो आजही माझी लाज काढत पडला असेल.

ते प्रकरण विसरावं म्हटलं तरी विसरता येत नाही, कारण आमच्या घरात त्याची पारायणं झाली आहेत. जावई पहिल्यांदा घरी आले तेव्हा सांगितलं. व्याही मुक्कामाला आले तेव्हा सांगितलं. सांगताना मी जरा इकडचं तिकडं केलं की स्वयंपाकघरातून बायकोची दुरुस्ती येते. तेव्हा इथं लिहितोय ते तपासून घेतलेलं आहे असं समजा. नाव मात्र कुणाचंच घेणार नाही. सगळी माणसं हयात आहेत आणि भाजी आणायला गेलो की समोर येतात.

माझी नोकरीची शेवटची दोन-अडीच वर्षं राहिली होती. कोल्हापूरलगतच्या एका औद्योगिक वसाहतीतलं पोलीस ठाणं माझ्याकडं होतं. हद्द म्हणजे फौंड्र्या, मशीन शॉप आणि त्यांच्या दारातल्या चहाच्या गाड्या. एका सकाळी एक फौंड्रीमालक फिर्याद घेऊन आले. त्यांचा एक पॅटर्न चोरीला गेला होता.

ज्यांनी फौंड्री पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जो भाग ओतायचा त्याचा हुबेहूब नमुना म्हणजे पॅटर्न. तो वाळूत दाबून साचा करायचा आणि त्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. हा पॅटर्न ॲल्युमिनियमचा होता, एका मोठ्या व्हॉल्व्हचा, सहा महिने खपून केलेला. तो ज्याच्या हाती पडेल तो उद्यापासून तोच माल ओतू शकतो. मालक खुर्चीत बसले ते हातातला रुमाल पिळतच.

"काल मी पुण्याला होतो, साहेब," ते म्हणाले. "आज सकाळी पॅटर्न काढायला गेलो तर मांडणी रिकामी. कुलूप जागच्या जागी. फोडलेलं न्हाई."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या केबिनच्या कपाटात. एक पॅटर्न मिस्त्रीकडं."

"मिस्त्री कुठाय?"

"काल दुपारीच रजा टाकून गडहिंग्लजला गेला. आई आजारी हाय म्हणं."

त्या 'म्हणं'मध्येच निम्मा तपास झाला असं मला वाटलं. आमच्या खात्यात अशा 'म्हणं'वर फार लोक आत गेले आहेत.

गुन्हा दाखल केला आणि फौंड्रीत गेलो. ठाण्यापासून जीपनं पाच मिनिटं. तिथं मालकांच्या भाच्यानं आमचं स्वागत केलं. ऑफिस, कॉम्प्युटर, हजेरी सगळं तोच बघायचा. तिशीतला, नीटनेटका, खिशाला दोन पेनं. मी काही मागायच्या आत त्यानं कॅमेऱ्याचं चित्रण लावून दाखवलं आणि हजेरीचा छापील कागद पुढं ठेवला. इतका तयार साक्षीदार मिळाला की मला तेव्हा आनंद व्हायचा. आता होत नाही.

फौंड्रीत कॅमेरे सहा. चालू एक. बाकीच्यांत गांधीलमाश्यांनी संसार थाटले होते. चालू होता तो नेमका पॅटर्न ठेवायच्या खोलीसमोरचा. चित्रणात आदल्या दिवशी दुपारी दोन वाजून पंधरा मिनिटांनी एक माणूस येतो. निळा ॲप्रन, डोक्यावर हेल्मेट, भट्टीजवळ लावतात ती तोंडावरची जाळी खाली ओढलेली. किल्लीनं कुलूप काढतो, आत जातो, आणि किलतानात, म्हणजे गोणपाटात, गुंडाळलेलं काहीतरी उचलून बाहेर येतो. चेहरा कुठंच नाही. त्या वेळी भट्टीतून ओतकाम चालू होतं, बाकी सगळे तिकडं.

आता हजेरीचा कागद. गेटवर बोट लावायचं यंत्र, ते गेटवरच्या कॉम्प्युटरला जोडलेलं. त्यात मिस्त्रीची बाहेर जायची वेळ दोन पंचवीस. म्हणजे चोरी झाली तेव्हा मिस्त्री आत, आणि दहा मिनिटांत बाहेर. भाचा स्वतः बँकेच्या कामाला बाहेर गेलेला, परत आल्याची वेळ दोन तीस. म्हणजे चोरी झाली तेव्हा तो बाहेर. मालक पुण्यात. राहिलं कोण?

मी मनगटावरच्या घड्याळात बघून पंचनाम्याची सुरुवात लिहिली, शेवट लिहिला, सह्या घेतल्या आणि उठलो. गेटासमोरचा चहाच्या गाडीवाला आमचा जुना खबऱ्या. तो भज्यांच्या पुड्या बांधता बांधता मान न वळवता बोलला.

"मिस्त्री पोतं घिऊन रिक्षात बसल्याला म्या बघितला, सायेब. जड हुतं. दोघांनी उचलून ठेवलं."

"किती वाजता?"

"टाइम कुणी बघितलाय. जेवणं झालती, एवढं खरं."

किलतानाचं पोतं. किल्ली. आणि कॉम्प्युटरनं छापलेली वेळ. मी जीपमध्ये बसलो तो केस संपवल्यासारखाच.

दुपारी मिस्त्री गडहिंग्लजहून थेट फौंड्रीत कामावर आला, आणि तिथून आमच्याकडं. पन्नाशी ओलांडलेला, उंच, बोटांच्या टोकांना लाकडाचा भुसा कायमचा बसलेला. तेवीस वर्षं त्याच फौंड्रीत. बाकावर बसल्या बसल्या त्याला आईचा फोन आला. तो "अव्वा, अव्वा" करत कानडीत हळू बोलला. मला कानडीतलं 'ऊट' म्हणजे जेवण, एवढं सोडून काही कळत नाही. तरी मी सगळं कळतंय अशा चेहऱ्यानं समोर बसून राहिलो.

"मिस्त्री, काल तुम्ही किती वाजता निघालात?"

"खऱ्या टायमाला दोन वाजून पाच मिनिटं झालती, साहेब."

"खरा टाइम आणि खोटा टाइम असं काही असतं का? कागदावर दोन पंचवीस आहे."

त्यानं कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कागदावर आसंल की," तो म्हणाला.

हे मी जवळजवळ कबुलीच धरलं. त्यानं वरच्या खिशातून एस.टी.चं तिकीट काढून टेबलावर ठेवलं. मध्यवर्ती बसस्थानक ते गडहिंग्लज. मशीननं छापलेली वेळ दोन अडतीस. फौंड्रीपासून स्टँड रिक्षानं पंचवीस मिनिटं, त्यात रेल्वेचं फाटक पडलं तर जास्त. दोन पंचवीसला निघालेला माणूस तेरा मिनिटांत गाडीत बसून तिकीट काढू शकत नाही, हे मला दिसत होतं. तिथं मी थांबायला हवं होतं. मी काय केलं? तिकीट बाजूला सारलं.

"एस.टी.च्या मशीनचा काय भरवसा," मी म्हणालो.

"आणि फौंड्रीच्या मशीनचा?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

मला तो उद्धटपणा वाटला. खेड्यातल्या कंडक्टरच्या गळ्यातलं मशीन चुकू शकतं, पण कंपनीच्या गेटवरचा, केबल जोडलेला कॉम्प्युटर चुकणार नाही, हे मी कुठल्या शाळेत शिकलो होतो देव जाणे. 

"बरं, पोत्यात काय होतं?"

इथं मात्र तो गडबडला. मान खाली. "घरचं सामान."

"फौंड्रीतून घरचं सामान?"

तो बोटांवरचा भुसा खरवडत राहिला. मी तोवर 'तुम्ही' म्हणत होतो, त्या क्षणाला 'तू'वर आलो. संशयिताशी बोलताना पोलीस जिथं 'तू'वर येतो तिथं खूण करून ठेवावी. बहुतेक वेळा तिथंच त्याचं डोकं चालायचं थांबलेलं असतं.

संध्याकाळी सहाला त्याला सोडलं आणि दुसऱ्या दिवशी दहाला हजर राहायची समज दिली. दारातून तो परत फिरला.

"एक सांगू, साहेब? काय करायचं ते करा. पण अटक दाखवायच्या आदी एकदा पक्कं बघा. पॅटर्न मिस्त्रीच्या हातात लोकांची ड्रॉइंगं असत्यात. एकदा चोर म्हटलं की हितनं कागलपतोर कुठली फौंड्री दारात उभं करून घ्यायची न्हाई. मला दुसरं काम येत न्हाई."

मी नुसती मान हलवली. मालकांचा फोन आला तेव्हा त्यांना सांगून टाकलं, उद्या अकराला अटक दाखवतो.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला अटकेचे कागद टेबलावर होते. मिस्त्री बाहेर बाकावर. तेवढ्यात आमच्या ठाणे अंमलदार बाई आत आल्या. हेड कॉन्स्टेबल, मूळच्या शाहूवाडीकडच्या. संगणकाचं प्रशिक्षण घेतलेल्या ठाण्यातल्या त्या एकट्याच, म्हणून स्टेशन डायरी त्यांच्याकडं. एका हातात माझा पंचनामा, दुसऱ्या हातात डायरीच्या नोंदीची प्रत.

"सर, एक विचारायचं होतं. काल आपण फौंड्रीतून परत आल्यावर पंचनामा कोण लिहीत होतं तिकडं?"

"म्हणजे?"

"डायरीत आपली परतीची नोंद एक एकवीस. ती वेळ संगणक आपली आपण घेतो, त्यात माझा हात नाही. पंचनामा संपल्याची वेळ तुमच्या अक्षरात एक पंचवीस. आपण इथं चहा घेत होतो, सर. पंचनामा चार मिनिटं तिकडं एकटाच चालू होता."

मी मनगटाकडं बघितलं. त्याचं काय आहे, माझं घड्याळ दहा मिनिटं पुढं असायचं. ट्रेनिंगपासूनची सवय. घरातलं हॉलमधलं घड्याळही मी दहा मिनिटं पुढं लावून ठेवलेलं, आणि रोज सकाळी त्यावरून मनगटावरचं जुळवून बाहेर पडायचो. यालाच मी वक्तशीरपणा म्हणायचो. दहा वजा करायचे हे एरवी माझ्या लक्षात असायचं. पंचनामा लिहिताना राहिलं.

बाई उभ्याच होत्या. वकिलानं हे पकडलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, हे त्यांचे उपकार. मला घाम फुटला तो मात्र दुसऱ्याच कारणानं. माझं घड्याळ दहा मिनिटं खोटं बोलत होतं आणि मी ते सरकारी कागदावर सही करून खरं केलं होतं. मग गेटवरच्या कॉम्प्युटरनं तेच केलं नाही कशावरून? त्याला कुणी विचारलं होतं? तिकीट दोन अडतीसचं. मिस्त्री म्हणाला होता, खऱ्या टायमाला.

मी बाहेर जाऊन बाकासमोर उभा राहिलो.

"मिस्त्री, खरा टाइम म्हणजे काय?"

तो माझ्याकडं असा बघत राहिला, जसं मी सूर्य कुठं उगवतो विचारलंय. "कंपनीचा टाइम वीस मिन्टं फुडं असतोय की, साहेब. समद्यास्नी म्हाईत हाय."

"मग काल का सांगितलं नाहीत?"

"तुमी फौंड्रीत जाऊन आलता. म्हटलं तुमास्नी बी म्हाईत आसंल."

अकराला मालकांचा फोन वाजला. "झाली का अटक?"

"नाही," मी म्हणालो. "मी येतोय. तोवर तुमच्याकडचा एकही कॉम्प्युटर बंद करायचा नाही आणि कुणी कशाला हात लावायचा नाही."

"अहो साहेब, पण कालच तर तुम्ही…"

"काल मी चुकलो होतो. आज बघून सांगतो."

फोन ठेवला तेव्हा मन एकदम हलकं आणि घट्ट झालं होतं. आता त्या फौंड्रीतलं प्रत्येक घड्याळ तपासल्याशिवाय कागदावर शाई उतरवायची नाही, एवढं ठरवलं. मिस्त्रीला जीपमध्ये मागं बसवलं, बाईंना पुढं, वाटेत दोन नवे पंच घेतले.

फौंड्रीच्या गेटवर बाईंनी सगळ्यात आधी हात पुढं केला. "सर, तुमचं घड्याळ द्या." मोबाईलच्या वेळेवर त्यांनी ते जुळवलं, परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आता लिहा सुरुवात." पंच हसले. मी लिहिली.

गेटवरच्या कॉम्प्युटरच्या पडद्याशेजारी बाईंनी मोबाईल धरला. मोबाईलवर अकरा एकतीस. पडद्यावर अकरा एकावन्न. दोन्ही एकाच चौकटीत येतील असा फोटो काढला. मालक ते बघून पुढं सरसावले. "एवढंच ना? थांबा, बरोबर करतो," म्हणत त्यांनी माऊसला हात घातला.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण मालकांचा हात तसाच हवेत राहिला. "आधी चूक पंचनाम्यात येऊ दे. आत्ता घड्याळ बरोबर केलंत तर चूक पुसली जाईल, आणि तिच्याबरोबर पुरावाही."

मग त्यांनी पडद्यावर काळी खिडकी उघडून एक ओळ टाईप केली. ती ओळ कॉम्प्युटरला विचारते, बाबा, तू वेळ कुणाकडून घेतोस? इंटरनेटवरच्या घड्याळाकडून घेत असेल तर तसं लिहून येतं. इथं दुसरंच नाव आलं. शेवटचं जुळणं त्याच दिवशी सकाळचं, आणि पुढं लिहिलेलं, यशस्वी. म्हणजे कॉम्प्युटर आपलं काम अगदी इमानेइतबारे करत होता. ज्याचं ऐकायला सांगितलं त्याचं ऐकत होता.

"हे नाव कुठल्या कॉम्प्युटरचं?" मी विचारलं.

भाच्यानं खिशातली पेनं सारखी केली. मालक बोलले. "माझ्या केबिनमधला."

केबिनमध्ये गेलो. तोही वीस मिनिटं पुढं. तिथं मात्र बाहेरून वेळ घ्यायची सोय बंद केलेली होती, आणि वेळ हातानं लावलेली. ऑफिसातले बाकीचे तीन कॉम्प्युटर बघितले. सगळे वीस मिनिटं पुढं, एकमेकांशी सेकंदाला सेकंद जुळलेले. एकमेकांशी जुळत होते म्हणूनच कुणाला शंका आली नव्हती. कुणी कधी हातानं बदल केलाय का, तेही बाईंनी यंत्रातल्या नोंदीत बघितलं. गेल्या कित्येक महिन्यांत नाही. म्हणजे चोरीच्या दिवशीही हेच घड्याळ होतं.

मालक खुर्चीत टेकले. "वडिलांची पद्धत हाय, साहेब. ते भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढं ठेवायचे. माणसं वेळेत यावीत म्हणून. सुटायचं पण त्याच घड्याळावर, त्यामुळं कुणाचं नुकसान न्हाई. कॉम्प्युटर आले तवा म्हटलं, वडिलांची पद्धत मोडायची कशाला. भाच्याला सांगून सगळे माझ्या कॉम्प्युटरला जोडून घेतले."

माझ्या हॉलमधलं घड्याळ डोळ्यासमोर आलं. त्यांना नावं ठेवायला मला तोंड नव्हतं.

राहिला कॅमेरा. बाई पॅटर्नच्या खोलीसमोर मोबाईल वर धरून उभ्या राहिल्या आणि मी आत चित्रणाच्या यंत्राशी. मोबाईलवर अकरा छप्पन्न, चित्रावरही अकरा छप्पन्न. दोन-तीन सेकंदांचा फरक. दोन महिन्यांपूर्वी बाहेरच्या माणसानं बसवलेलं यंत्र, सरळ इंटरनेटला जोडलेलं. वडिलांची पद्धत त्याला कुणी सांगितलीच नव्हती.

मी केबिनच्या टेबलावर कागद ओढला आणि उभ्या उभ्या वीस-वीस मिनिटं वजा केली. मिस्त्री बाहेर पडला दोन पाचला. रिक्षानं स्टँडवर अडीच. तिकीट दोन अडतीस. सगळं जागच्या जागी. मग मी खालची ओळ बघितली. भाचा बँकेतून परत आला दोन तीसला. वजा वीस, दोन दहा. चोरी दोन पंधराला.

ज्या वीस मिनिटांनी एक माणूस बाहेर काढला, त्यांनीच दुसरा आत आणून उभा केला होता.

मी आवाज न चढवता भाच्याला बोलावलं. "पंचनामा झाला. आता ही घड्याळं बरोबर करा. तुम्हीच करा, तुम्हालाच येतं."

तो बसला. मालकाच्या कॉम्प्युटरवर बाहेरून वेळ घ्यायची सोय चालू केली. मग आम्ही सगळे गेटवर गेलो. तिथं त्यानं जुळवणीचं बटण दाबलं. बारा वाजून चौतीस होते, पापणी लवायच्या आत बारा चौदा झाले. पंच बघत होते. मिस्त्री मागं दाराला टेकून बघत होता.

मी हजेरीचा कागद कीबोर्डवर ठेवला. "आता या घड्याळावर सांगा. परवा बँकेतून किती वाजता आलात?"

तो पडद्याकडं बघत राहिला. खोटं बोलणारा माणूस सहसा समोरच्याकडं बघतो, पटलं की नाही ते ताडायला. हा घड्याळाकडं बघत होता. मग मालकच कळवळून म्हणाले, "बोल की रं."

"काय बोलू, मामा," तो म्हणाला, आणि माझ्याकडं वळला. "साहेब, मी खोटा कागद दिला न्हाई. तुम्ही कागद मागितला, मी दिला. त्यातला टाइम कुणाचा, ते तुम्ही विचारलं न्हाई."

हे वाक्य मला आजही टोचतं, कारण ते शंभर टक्के खरं होतं.

पुढचं दोन तासांत उलगडलं. भाच्याला मित्राबरोबर स्वतःची फौंड्री काढायची होती, सुरुवात मामाच्या गिऱ्हाइकापासून करायची होती. कपाटातली किल्ली घेतली, भट्टीवरचा ॲप्रन आणि जाळी चढवली. मिस्त्रीवर आळ घालायचं त्यानं ठरवलं नव्हतं. कॅमेऱ्याची वेळ आणि गेटची वेळ शेजारी ठेवल्यावर ते आपोआप जमून आलं, आणि त्यानं जमू दिलं. पॅटर्न हद्दीबाहेरच्या एका भाड्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली मिळाला.

जप्तीचे कागद आटोपल्यावर मी मिस्त्रीजवळ गेलो. "मिस्त्री, आता तरी सांगा. पोत्यात काय होतं?"

त्यानं आधी मालकांकडं चोरून बघितलं. "अव्वाचं खुब्याचं हाड मोडलंय. उभं ऱ्हायला धरायची लाकडी घोडी केलती. दुकानातली मिळत्यात ती लय उंच पडत्यात तिला." थोडं थांबून तो म्हणाला, "लाकूड फौंड्रीचं हुतं. उरलेल्या तुकड्यांतनं घेतलं. इचारलं न्हवतं."

चोरीचा आळ डोक्यावर असताना या माणसानं तोंड उघडलं नव्हतं ते एवढ्यासाठी.

मालक दोन पावलं पुढं आले. मग ते फटकारल्यासारखं बोलले, "तेवीस वर्षं हितं हाईस. एक शब्द टाकला असतास तर सागवान दिलं असतं." आणि वळून भराभरा केबिनमध्ये गेले.

मिस्त्री मला म्हणाला, "साहेब, परत 'तुम्ही'वर आलासा व्हय?" खात्याच्या नियमावलीत अशा प्रश्नाला उत्तर नाही.

एक काम उरलं होतं. पहिल्या पंचनाम्यातली वेळ. कुणी बघितलं नव्हतं, बाई बोलणार नव्हत्या. पण त्या भाच्याचं वाक्य कानात होतं. मी केस डायरीत स्वतःच्या हातानं लिहिलं, की तपास अधिकाऱ्याचं मनगटी घड्याळ दहा मिनिटं पुढं असल्यानं आधीच्या पंचनाम्यातल्या वेळा तेवढ्या कमी करून वाचाव्यात. उपअधीक्षक साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "निवृत्तीसुद्धा दहा मिनिटं आधी घेणार का?" एवढ्यावर सुटलो. पुढं कोर्टात आरोपीच्या वकिलांनी सगळ्यांदेखत विचारलं, साहेब, आत्ता तुमच्या घड्याळात किती वाजलेत? मी सांगितलं. न्यायाधीशांनी आपल्या मोबाईलकडं बघून मान हलवली. माझ्या साऱ्या नोकरीत कुठल्या उत्तराचा मला इतका आनंद झाला नसेल. एस.टी. डेपोचंही पत्र आलं होतं. त्या कंडक्टरचं मशीन बिनचूक होतं. ते पत्र मी दोनदा वाचलं.

या केसनं मला कॉम्प्युटर शिकवला असं म्हणणार नाही, तो अजूनही मला नीट येत नाही. पण पुढच्या काळात कुणी छापील वेळ पुढं केली की मी आधी विचारायचो, हे यंत्र वेळ कुणाकडून घेतं, आणि ते ज्याच्याकडून घेतं तो कुणाकडून? दोन घड्याळं एकमेकांशी जुळली म्हणजे दोन्ही बरोबर असं नाही, तिसरं बाहेरचं घड्याळ लागतं. माणसांचंही तेच. फौंड्रीतल्या झाडूवाल्यापासून सगळ्यांना खरा टाइम ठाऊक होता. गावाला ठाऊक असलेली गोष्ट ठाण्यात पोचत नाही, कारण ती ठाण्याला ठाऊक नसेल असं गावाला वाटतच नाही. ती आपण विचारायची असते, आणि विचारताना जरा कमीपणा घ्यायचा असतो. मला तो घ्यायला तीस वर्षं लागली.

पॅटर्न सापडला त्या दिवशी घरी आलो. बूट काढायच्या आधी खुर्चीवर चढलो आणि हॉलमधलं घड्याळ खाली घेतलं. बायको दारात पदराला हात पुसत उभी होती. तिला सगळी हकीकत सांगितली, पंचनाम्याची फजिती धरून. आणि दहा मिनिटं मागं घेऊन घड्याळ परत टांगलं. म्हटलं, "आजपासून या घरात खरा टाइम."

"लावा की," ती म्हणाली. "पण त्या घड्याळावर या घरात तुमच्याबिगर चालत होतं कोण? पोरं शाळेत असल्यापासनं दहा वजा करून बघत्यात. मी तर त्याच्याकडं बघतच न्हाई."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंच न्हाई," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.